जासईचा गोळीबार, 1984

जासई हे रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातलं गाव आहे. या परिसरातल्या शेतकऱ्यांवर स्वतंत्र भारताच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या.

1970 मध्ये सिडको ही राज्य सरकारची शहर-नियोजन कंपनी स्थापन झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनी संपादित होऊ लागल्या. भातखाचरं आणि मिठागरं हीच या गावांची रोजीरोटी. ती जाणार आणि मोबदला मात्र तुटपुंजा, म्हणून शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी शेतकरी बायका-मुलांसह रस्त्यावर उतरले. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी पोलिसांनी गोळीबार केला. 5 शेतकरी हुतात्मे झाले.

जमाव पांगवताना कमीत कमी बळ वापरावं, हे तत्त्व आपल्या कायद्याला मान्य आहे. हक्काचा मोबदला मागणाऱ्यांवर बंदूक रोखणं हा अन्यायच होता.

पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना आली. प्रकल्पग्रस्तांच्या हाती पडलेल्या त्या प्रत्येक भूखंडामागे या पाच जणांचं बलिदान आहे. दरवर्षी जानेवारीत उरणकर त्यांना अभिवादन करतात. साऱ्या रायगडानं करायला हवं.