मोनोफिनची झीज : पाण्यातली आणि काठावरची

निपाणीच्या आसपासच्या खेड्यांत विहिरीवर पोहायला शिकलेल्या पिढीचे साधन म्हणजे पाठीला बांधलेला वाळका भोपळा. तो फुटला तर परसात दुसरा असेच. आज आमची मुले बेळगावात गोवावेसच्या तलावासारख्या ठिकाणी क्लोरिनच्या पाण्यात पोहणे शिकतात. आणि त्यांतल्या एखाद्याला मोनोफिनची ओढ लागते. दोन्ही पाय एकत्र अडकवून माशाच्या शेपटीसारखे हलवायचे हे एकच रुंद पाते. १९८१ पासून जागतिक क्रीडास्पर्धांत त्याच्या शर्यती होत आल्या आहेत. मात्र हे साधन परसात पिकत नाही. मध्यमवर्गीय कुटुंबाला ते पोटाला चिमटा घेऊनच आणावे लागते. म्हणून ते टिकवावे कसे, याचा विचार येथे करू.

आमचे पहिले सांगणे असे, की मोनोफिन पाणी कापताना फारसे झिजत नाही. ते झिजते भिंतीशी, तळाशी आणि काठावर. २५ मीटरच्या तलावात १००० मीटर पोहायचे तर ३९ वेळा वळावे लागते. दर वळणाला पात्याची कड फरशीला घासली, तर महिन्याभरात तिचे काय होईल, हे सांगायला नको. म्हणून सरावाच्या आरंभी वळण सावकाश घ्यावे आणि पाते भिंतीपासून दूर राहील असा अंदाज बसवावा. उथळ बाजूस उभे राहू नये. तेथे टोक तळाला टेकते. मोनोफिन काठावर बसूनच, पाय ओले करून घालावे, आणि काढावेही बसून किंवा पाण्यातच. ते घालून चालणे म्हणजे पात्यावर सारे अंग तोलणे होय.

दुसरे सांगणे सरावानंतरचे. अथणी-निपाणी भागातील चर्मकारांच्या हातची कोल्हापुरी चप्पल वापरणाऱ्या घरांना तिची निगा ठाऊक असते : उन्हात टाकू नये, अधूनमधून तेलाचा हात फिरवावा. यांतला पहिला नियम येथेही लागू पडतो. क्लोरिन आणि ऊन ही रबराची वैरीच. तेव्हा मोनोफिन साध्या गार पाण्याने धुवावे, पाय घालण्याचे रबरी कप्पे आतून विसळावेत आणि ते सावलीत सपाट ठेवून वाळवावे. भिंतीला टेकवून ठेवल्यास पात्यास बाक येतो. दुसरा नियम मात्र येथे उलटा आहे. चामड्याला तेल मानवते, रबराला नाही. खोबरेल लावले की पाय सहज शिरतो खरा, पण रबर फुगते आणि सैल पडते. त्याऐवजी पाणी किंवा थोडे साबणाचे पाणी पुरे. वाळल्यावर कप्प्यांत शंखजिऱ्याची पूड भुरभुरावी.

तिसरी गोष्ट केवळ खर्चाची नाही. पाते बहुधा फायबरग्लासचे असते. कड फुटली की त्यातून काचेचे बारीक तंतू बाहेर येतात आणि शेजारच्या मार्गिकेतल्या मुलाच्या अंगाला ओरखडा काढतात. म्हणून दर आठवड्यास कडेवरून कापसाचा बोळा फिरवावा. तंतू अडकले तर कड खरखरीत झाली असे समजावे. बोटाने चाचपू नये. बारीक पॉलिश पेपर ओला करून कड हळुवार घासावी, धूळ नाकात जाऊ देऊ नये, आणि वर पाण्यात न सुटणारी चिकटपट्टी लावावी. पात्यात पांढुरकी रेघ दिसू लागली, तर आतले थर सुटू लागल्याची शंका धरून सराव थांबवावा.

राहता राहिला प्रवास. निपाणी ते बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर; बसच्या गर्दीत जवळजवळ पाऊण मीटर रुंदीचे पाते सांभाळणे सोपे नव्हे. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेवून जुन्या गोधडीची पिशवी शिवली, की ते निर्धास्त राहते. आजीच्या लुगड्याची गोधडी अशा कामी आली, तर तीही धन्य झाली म्हणायची!

ही सारी कामे पालकांनी करू नयेत, असे आमचे आग्रहाचे मत आहे. जे मूल आपले साधन स्वतः धुते, वाळवते आणि तपासते, तेच त्याची कडही ओळखते आणि दुसऱ्याच्या अंगाचीही काळजी घेते.