पोलादी तारेची किणकिण

१९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेल्या भिलाईत रेल्वेचे पोलादी रूळ बनतात. पियानोची तारही पोलादाचीच, फक्त कार्बन जास्त. ती ताठ असल्याने तिचे उपस्वर गणिती पटींपेक्षा किंचित चढे लागतात. २००६ मध्ये आलेले फ्रान्सचे ‘पियानोटेक’ हे सॉफ्टवेअर ध्वनिमुद्रित नमुने न वाजवता हे सगळे गणिताने घडवते. उपस्वरांचे प्रमाण जरा बिघडले की मधल्या सप्तकात पत्र्यासारखी किणकिण येते.

आधी हेडफोन बदलून पाहावा; पुष्कळदा दोषी तोच. मग हातोडीची कठीणता उतरवावी, म्हणजे वरचे उपस्वर मवाळतात. तारेची लांबी वाढवली तर ताठपणाचा परिणाम घटतो, पण छोट्या उभ्या पियानोचा बाज जातो (मला तोच प्रिय). एखादीच पट्टी खटकत असेल तर प्रो आवृत्तीत तेवढीच सुधारता येते. इक्वलायझर अगदी शेवटी, कारण तो शेजारच्या स्वरांचाही रंग उडवतो.