घरपट्टीचा भ्रमणध्वनीवरील भरणा : रक्कम पोचली, नोंद झाली काय?

उधना-जळगाव लोहमार्गावरील दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव या स्थानकांवरून गेल्या कित्येक दशकांत खानदेशातील असंख्य कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेस गेली. तेथील उधना व लिंबायत भागांत अहिराणी बोली आज सर्रास कानी पडते. यांपैकी अनेकांचे गावचे घर मात्र सुटलेले नाही. त्या घराची घरपट्टी व पाणीपट्टी दरसाल द्यावीच लागते. पूर्वी त्यासाठी दिवाळीला गावी आल्यावर ग्रामपंचायतीत जावे लागे, किंवा भाऊबंदांच्या हाती रक्कम सोपवावी लागे. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीमुळे आता ही रक्कम सुरतेहून काही क्षणांत पाठविता येते. सर्व पंचायतींनी २०२३ च्या स्वातंत्र्यदिनापासून या पद्धतीचा अवलंब करावा, असे केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाने राज्यांना कळविले होते. त्यानंतर क्यूआर कोडचे फलक ग्रामपंचायतींच्या भिंतींवर दिसू लागले.

फलक लावणे सोपे आहे. खरे काम त्यापुढचे आहे.

मनीऑर्डरचे कुपन

टपाल खात्याच्या जुन्या मनीऑर्डर-पत्रकास खाली एक लहानसे कुपन असे. पैसे कोणी व कशासाठी पाठविले, हे त्यावर चार शब्दांत लिहिता येई, आणि घेणाऱ्याच्या सहीची पोच पाठविणाऱ्याकडे परत जाई. भिंतीवरच्या साध्या क्यूआर कोडमध्ये बहुधा ग्रामपंचायतीच्या बँक खात्याचा यूपीआय पत्ता व नाव एवढेच असते. त्यावर कोणी १,२४० रुपये भरले, तर बँकेच्या उताऱ्यात रक्कम, भरणाऱ्याचा पत्ता आणि बारा अंकी संदर्भ क्रमांक उमटतो. ही रक्कम कोणत्या मिळकतीची, त्यात घरपट्टी किती व पाणीपट्टी किती, चालू बाकी किती व मागील थकबाकी किती, याचा उलगडा उताऱ्यावरून होत नाही. शिवाय पैसे पुष्कळदा मुलाच्या अथवा जावयाच्या खात्यातून येतात आणि मिळकत आजोबांच्या नावे असते.

यावर उपाय म्हणजे भरणा करवसुलीच्या संगणक-आज्ञावलीशी जोडणे. आज्ञावली नमुना ९ च्या कर मागणी नोंदवहीतून त्या मिळकतीची बाकी काढते आणि तेवढ्याच रकमेचा, त्या मागणीचा क्रमांक अंतर्भूत असलेला स्वतंत्र क्यूआर कोड तयार करते. भरणाऱ्यास रक्कम टंकित करावी लागत नाही व मागणी क्रमांक रकमेबरोबरच प्रवास करतो. मनीऑर्डरचे कुपन ते हेच. केनियातील एम-पेसा सेवेत देयक भरताना संस्थेच्या क्रमांकाखेरीज ग्राहकाचा खाते क्रमांकही द्यावा लागतो, तो याच कारणासाठी.

पडद्यावरील हिरवी खूण म्हणजे पावती नव्हे

भरणा झाल्यावर भ्रमणध्वनीच्या पडद्यावर हिरवी खूण उमटते. तिचे छायाचित्र दाखवून पावती मागण्याची व ती देण्याची पद्धत अनेक ठिकाणी पडून गेली आहे. ती तत्काळ बंद होणे इष्ट होय, कारण असे चित्र कोणासही बनविता येते. व्यवहार पूर्ण झाल्याचा निरोप बँकेच्या किंवा तिने नेमलेल्या मध्यस्थ संस्थेच्या संगणकाकडून आज्ञावलीस थेट यावयास हवा. तो निरोप खरोखर तेथूनच आला आहे हे सांकेतिक स्वाक्षरीवरून पडताळावे, मागणी क्रमांक व रक्कम जुळते काय हे पाहावे, आणि मगच नमुना १० ची पावती निघावी. एकच निरोप दोनदा येणे ही नित्याची गोष्ट आहे. त्यामुळे एका संदर्भ क्रमांकावर एकच पावती, हा नियम आज्ञावलीतच असावा लागतो. तो संगणक परिचालकाच्या स्मरणशक्तीवर सोडून चालत नाही.

सर्वांत अवघड अवस्था ‘प्रलंबित’ ही होय. चोपडा, यावल वा शिरपूर तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याच्या गावी संपर्क मध्येच तुटला, की खात्यातून रक्कम वजा होते. पण निरोप येत नाही. अशा वेळी ‘पुन्हा भरा’ असे सांगणे म्हणजे दुहेरी भरण्यास निमंत्रण. आज्ञावलीने स्वतःहून ठराविक अंतराने बँकेकडे विचारणा करीत राहावे आणि उत्तर येईपर्यंत ती मागणी ‘प्रलंबित’ म्हणूनच दाखवावी. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, पैसे वजा होऊनही घेणाऱ्या आस्थापनेस खातरजमा न मिळाल्यास रक्कम पाच दिवसांत आपोआप परत व्हावयास हवी. त्याहून विलंब झाल्यास ग्राहकास दररोज १०० रुपये भरपाई देय आहे. ही माहिती कार्यालयात ठळकपणे लावणे उपयुक्त ठरेल.

नव्वदावा दिवस

नोंद राहिली तर बिघडते काय, असा प्रश्न पंचायत सदस्यांनी तरी विचारू नये. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम या नावाने १९५८ साली झालेल्या व आता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायद्याच्या कलम १४ मध्ये सदस्यत्वाच्या अनर्हता दिल्या आहेत. कराचे बिल रीतसर बजावून मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणे, ही त्यांपैकी एक. समजा, एखाद्या सदस्याने मुदत संपण्यास दोन दिवस असताना यूपीआयने कर भरला, आणि परिचालकाने आठवड्याने उतारा पाहून त्या दिवसाच्या तारखेची पावती फाडली. तर कागदोपत्री तो सदस्य थकबाकीदार दिसेल व खरी तारीख सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर येऊन पडेल. म्हणून पावतीवर भरण्याची तारीख, नोंदीची तारीख व बारा अंकी संदर्भ क्रमांक या तिन्ही बाबी असाव्यात.

निरोपाची व्यवस्था कितीही चोख असली, तरी दररोजचा ताळमेळ चुकत नाही. बँकेचा उतारा, नमुना १० च्या पावत्या आणि नमुना ५ ची सामान्य रोकडवही यांचा मेळ सायंकाळी घ्यावा. उताऱ्यात आहे पण पावती नाही, अशा रकमा वेगळ्या काढून ठेवाव्यात. अंदाजाने कोणाच्याही नावे त्या टाकू नयेत. फलकावरील क्यूआर कोडवर दुसराच कोणी आपला कोड चिकटवीत नाही ना, हेही अधूनमधून पाहावे. कोड ग्रामपंचायतीच्या खात्याचाच हवा. सोयीसाठी कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यावर कर घेणे हा सार्वजनिक पैशाच्या हिशेबात मोठा दोष ठरतो.

साधा भ्रमणध्वनी असलेल्यांसाठी मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे ही सुविधा सुरू झाली. तरीही रोख भरणा घेणारी खिडकी बंद करण्याचे कारण नाही.

नवी आज्ञावली स्वीकारण्यापूर्वी ग्रामपंचायतीने स्वतः काही चाचण्या घ्याव्यात. एक रुपयाचा भरणा करावा. चुकीच्या रकमेचा करून पाहावा. एकाच मागणीचा दोन भ्रमणध्वनींवरून करावा. शेवटी, परगावच्या एखाद्या करदात्यास भरणा करावयास सांगून त्याच क्षणी कार्यालयातील संपर्क बंद करावा, आणि तासाभराने तो जोडल्यावर पावती कोणाच्या नावे, कोणत्या तारखेची व किती प्रती निघते ते पाहावे.