पाळण्यापाशी अडलेला हिशेब

श्रद्धा आणि प्रश्न : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण ईयोबाच्या राखेपाशी थांबलो होतो. मुलंबाळं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले. तीन मित्र भेटीला आले, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर सगळं ठीक होतं. मग ते बोलू लागले. देव न्यायी आहे, तू भोगतो आहेस, तेव्हा तुझ्या हातून काहीतरी घडलेलं असणारच, असा त्यांचा सरळ हिशेब होता. ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो ईयोबावर नाही, या तिघांवर.

हा निकाल ख्रिस्ती परंपरेला जन्मतःच मिळालेला होता. तरीही मित्रांचा तो हिशेब पुढच्या शतकांत पुन्हा पुन्हा परत आला, आणि तोही त्या परंपरेतल्या फार मोठ्या माणसांच्या तोंडून. आज त्यातल्या दोन प्रसंगांबद्दल लिहायचं आहे. एक उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहरातला, दुसरा लिस्बनचा.

आपल्याला हा हिशेब अनोळखी नाही. मागच्या जन्मीचं देणं, भोग आहेत ते भोगूनच संपवायचे, असं आपण घरोघरी ऐकलेलं असतं. पण आपल्याकडची वही मोठी आहे. या जन्मात जमाखर्च जुळला नाही, तर मागचं पान उलटता येतं. ख्रिस्ती विचारात मागचं पानच नाही. जन्म एकच. देवही एकच, तो सर्वशक्तिमान आणि तोच प्रेमळ. दुःख देणारी दुसरी कुठली समर्थ शक्ती त्याच्याशेजारी उभी करायची सोय नाही. सैतान आहे, पण तोही मुळात देवानेच घडवलेला, नंतर पडलेला दूत. त्यामुळे तान्ह्या मुलाचं दुखणं हा ख्रिस्ती धर्मशास्त्रापुढचा सर्वात अवघड प्रश्न ठरतो. माणसाच्या दुःखाबद्दलच्या कुठल्याही सिद्धांताची परीक्षा पाळण्यापाशीच घ्यावी असं मला वाटतं.

येशूपुढे हा प्रश्न आला होता. योहानाच्या शुभवर्तमानातल्या नवव्या अध्यायात वाटेवर एक जन्मांध माणूस दिसतो आणि शिष्य विचारतात की पाप कोणाचं, याचं स्वतःचं की आईबापांचं? जन्माआधी याने पाप केलं तरी कसं, हे शिष्यांनाही सांगता आलं नसतं. पण हिशेबाची सवय इतकी मुरलेली की प्रश्न आपोआप तसाच तोंडातून बाहेर पडला. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. देवाचं काम याच्यात दिसावं म्हणून, असं काही तो म्हणतो. त्या वाक्याचा अर्थ काय यावर आजही वाद आहे. मग तो थुंकीने चिखल कालवतो, त्या माणसाच्या डोळ्यांवर लावतो आणि त्याला शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. लूकच्या तेराव्या अध्यायात याच शिलोहाजवळचा एक बुरूज कोसळून अठरा माणसं मेल्याचा उल्लेख आहे. ती अठरा माणसं बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त अपराधी होती का? नाही, असं येशूचं स्वच्छ उत्तर आहे. लगेच तो ऐकणाऱ्यांना पश्चात्ताप करायला सांगतो, हेही खरं. पण मेलेल्यांचा हिशेब मांडायला तो तयार नाही.

हिप्पोचा बिशप ऑगस्टीन मात्र तयार झाला. कसा झाला, ते सावकाश पाहण्यासारखं आहे, कारण तो निष्ठुर माणूस नव्हता.

इसवी सन ३५४ मध्ये थागास्ते इथे, म्हणजे आजच्या अल्जीरियात, त्याचा जन्म झाला. सोळा वर्षांचा असताना एका रात्री टोळक्याबरोबर त्याने शेजाऱ्याच्या झाडावरची नासपती चोरली. भूक नव्हती. घरी त्याहून चांगली नासपती होती. चोरलेली फळंही बहुतेक डुकरांपुढे टाकली. पंचवीसेक वर्षांनी, बिशप झाल्यावर लिहिलेल्या आत्मनिवेदनात तो या क्षुल्लक चोरीवर पानंच्या पानं खर्च करतो. व्यभिचारापेक्षा, महत्त्वाकांक्षेपेक्षा त्याला ही चोरी जास्त छळते, कारण तिला कारणच सापडत नाही. वाईट करायचं होतं म्हणून वाईट केलं. हे आलं कुठून?

तरुणपणी त्याने याचं उत्तर मानी पंथात शोधलं. तिसऱ्या शतकात इराणात मानी नावाच्या धर्मसंस्थापकाने सांगितलं होतं की प्रकाश आणि अंधार ही दोन मूळ तत्त्वं आहेत, आणि माणूस ही त्यांची रणभूमी. यात मोठी सोय होती. चोरी मी केलीच नाही, माझ्यातल्या अंधाराने केली. ऑगस्टीन नऊ वर्षं या पंथात राहिला. पुढे मिलानमध्ये बिशप अँब्रोजची प्रवचनं आणि प्लेटोच्या परंपरेतले ग्रंथ यांनी त्याला दुसरी वाट दाखवली, आणि ३८७ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला.

ती दुसरी वाट अशी : दुष्ट ही वस्तूच नाही. जखम बरी झाली की ती उठून दुसरीकडे राहायला जात नाही. ती शरीराची उणीव होती, उणीव भरून आली, संपलं. धोतराला पडलेलं भोक धोतरावाचून असू शकत नाही, तसं चांगल्यावाचून वाईट असू शकत नाही. देवाने जे केलं ते सगळं चांगलं. माणसाची इच्छा मोठ्या चांगल्याकडून लहान चांगल्याकडे वळली, तिथे भोक पडलं. ती का वळली? इथे ऑगस्टीन फार प्रामाणिक आहे. त्या वळण्याचं कारण शोधणं म्हणजे अंधार डोळ्यांनी पाहायला निघणं, अशा अर्थाचं काहीसं तो म्हणतो. कारण सापडलं असतं, तर ते दुष्ट राहिलंच नसतं.

इथवर मी त्याच्याबरोबर आहे. नासपतीच्या चोरीचं याहून खरं वर्णन मी वाचलेलं नाही. अडचण पुढे येते. इच्छेचा दोष समजला, पण ज्याला अजून इच्छाच फुटलेली नाही त्या बाळाला ताप का येतो?

ऑगस्टीनने इथे हिशेब मांडला, आणि तो ईयोबाच्या मित्रांच्याच रीतीने मांडला. देव न्यायी आहे. बाळं भोगताना दिसतात. न्यायी देव निरपराधाला भोगायला लावणार नाही. तेव्हा बाळ निरपराध नाही. आदामाच्या अपराधात सगळी मानवजात सामील होती आणि तो अपराध जन्माबरोबरच प्रत्येकाकडे येतो. हेच आदिपाप. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं बारावं वचन हा त्याचा मोठा आधार. पण ऑगस्टीनचं ग्रीक कच्चं होतं. त्याच्यासमोरच्या लॅटिन भाषांतरात त्या वचनाचा अर्थ असा लागत होता की आदामाच्या ठायीच सगळ्यांनी पाप केलं. मूळ ग्रीक वाक्य बहुतेक अभ्यासक वेगळं वाचतात : सगळ्यांनी पाप केलं म्हणून मरण सगळ्यांकडे आलं. एका शब्दप्रयोगाच्या भाषांतराने पश्चिमेकडच्या कोट्यवधी आईबापांच्या मनावर किती ओझं टाकलं, याचा विचार केला की मला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं. ग्रीक वाचणाऱ्या पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळींनी ती वाट धरली नाही. आदामाकडून मरण आलं, कमकुवतपणा आला, पण अपराध वारशाने येत नाही, असं ते मानतात.

ऑगस्टीनला त्याच्या हयातीतच कडवा विरोधक भेटला होता. इक्लानुमचा बिशप ज्युलियन. नवजात बाळांना दोषी धरणारा तुमचा हा देव न्यायी कसा, हा त्याचा मुद्दा, आणि तो त्याने वर्षानुवर्षं सोडला नाही. बाप्तिस्मा न होता गेलेल्या बाळांनाही शिक्षाच, फक्त सगळ्यांत सौम्य, इथवर ऑगस्टीन ओढला गेला. ज्युलियनला द्यायचं उत्तर अपुरं ठेवूनच ४३० साली तो वारला. तेव्हा हिप्पोला वांडाल टोळ्यांचा वेढा पडलेला होता. त्या सौम्य शिक्षेचं मध्ययुगात लिंबो झालं, ना स्वर्ग ना यातना अशी एक जागा. २००७ साली कॅथलिक चर्चच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने एक दस्तऐवज प्रसिद्ध केला : अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला गंभीर कारणं आहेत. ज्युलियनचा प्रश्न तोवर जवळपास सोळाशे वर्षांचा झाला होता.

दुसरी एक जुनी वाटही आहे. ऑगस्टीनच्या दोनशे वर्षं आधी ल्योंचा बिशप आयरेनियस याने आदाम आणि हव्वा यांना लेकरांसारखं पाहिलं. पूर्ण घडलेले नव्हेत, घडायचे होते, म्हणून घसरले. आणि जग ही त्यांनी वाढायची जागा. १९६६ मध्ये इंग्लंडच्या जॉन हिक यांनी या विचाराला नवं रूप दिलं. तो मायेचा आहे यात शंका नाही. पण पाळण्यापाशी तोही अडतो. जे मूल तीन दिवसांत गेलं, ते दुःखातून वाढणार कधी?

आता पोर्तुगालची राजधानी लिस्बन. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या सुमारास चर्चं भाविकांनी भरलेली, वेदींवर मेणबत्त्या पेटलेल्या. जमीन हादरली, छतं खाली आली. जे वाचले त्यातले बरेच नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे धावले, तिथे समुद्राची लाट आली. मग आगी लागल्या आणि कित्येक दिवस विझल्या नाहीत. सर्व संतांच्याच नावाचं मोठं इस्पितळ आतल्या रुग्णांसह जळालं. कार्मो मठाचं चर्च आजही छताविना उभं आहे. मुद्दामच तसं ठेवलेलं. गोवा, दमण आणि दीव तेव्हा याच राजसत्तेखाली होते.

ढिगारे निवले नव्हते तोच हिशेब सुरू झाले. येशूसंघाचे वृद्ध धर्मगुरू गाब्रिएल मालाग्रिदा यांनी १७५६ मध्ये पुस्तिका काढली : हा भूकंप निसर्गाने नव्हे, लिस्बनच्या नाच-नाटकांसारख्या पापांनी आणला. घरं बांधण्यात गुंतलेल्या लोकांनी आधी प्रायश्चित्त घ्यावं. तिकडे इंग्लंडात मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांनीही पुस्तिका लिहिली. त्यांनाही यात देवाचा हात दिसला, पण त्यांच्या वहीत लिस्बनचं पाप म्हणजे इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाने सांडलेलं रक्त. ढिगारा एक, प्रेतं तीच, आणि दोन धर्मनिष्ठ माणसांनी त्यातून दोन उलट बेरजा काढल्या. हिशेबाची पद्धतच खोटी आहे याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही. चर्चच्या छताखाली सापडलेल्या लेकरांनी ना नाच-नाटकं पाहिली होती, ना इन्क्विझिशन चालवलं होतं.

तत्त्वज्ञांची उत्तरंही त्या दिवशी हादरली. जर्मन विचारवंत लाइब्निट्झने १७१० मध्ये मांडलं होतं की शक्य असलेल्या जगांपैकी हे सर्वोत्तम. व्होल्तेअरने लिस्बननंतर त्या समाधानावर कवितेतून आणि पुढे कादंबरीतून प्रहार केला. रूसोने त्याला पत्र लिहून वेगळाच मुद्दा काढला : सहा-सात मजली घरं निसर्गाने बांधली नव्हती, माणसांनीच दाटीवाटीने बांधली होती. लातूरच्या भूकंपाच्या पहाटेनंतर दगडमातीच्या जाड भिंतींबद्दल आपणही हेच बोललो होतो.

पण मला थांबावंसं वाटतं ते एका साध्या कागदापाशी. पोर्तुगालचे मंत्री, पुढे मार्किस द पोंबाल म्हणून ओळखले गेलेले, यांनी देशभरच्या धर्मग्रामांना प्रश्नावली पाठवली. धक्के किती वेळ टिकले? कोणत्या दिशेने जाणवले? समुद्र आधी चढला की उतरला? विहिरींच्या पाण्यात काय फरक पडला? किती माणसं गेली? उत्तरं लिहायची होती गावोगावच्या धर्मगुरूंनी. हा भूकंप कोणाच्या पापाने झाला, असा प्रश्न त्या यादीत नव्हता. भूकंपशास्त्राच्या आरंभात या उत्तरांना मानाचं स्थान आहे, आणि ती लिहिली चर्चच्याच माणसांनी. शहर पुन्हा उभं राहिलं तेव्हा भिंतींच्या आत लाकडी सांगाडे बसवले, पुढच्या धक्क्याला घर टिकावं म्हणून.

पोंबालना मी संत करू इच्छित नाही. १७५९ मध्ये त्यांनी येशूसंघाला पोर्तुगीज मुलखातून हाकललं, गोव्यातूनही. मालाग्रिदांना १७६१ मध्ये, सत्तरी उलटलेल्या वयात, लिस्बनच्या चौकात गळा आवळून मारलं आणि जाळलं. चुकीचा हिशेब मांडणाऱ्या माणसाला अशी शिक्षा हे दुष्टच, आणि ते माणसाच्या इच्छेतून आलेलं.

हिशेब न मांडता कामाला लागणं म्हणजे काय, हे पाहायला मराठी वाचकाने केडगाव आठवावं. पंडिता रमाबाईंनी १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गमावली. मग भाऊ गेला. मग लग्नाला दोन वर्षं होण्याआधी नवरा गेला. ख्रिस्ती झाल्यानंतर १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतून शेकडो मुली-बायकांना केडगावला घेऊन आल्या. त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला. तिथेच त्यांनी मूळ इब्री आणि ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. म्हणजे ईयोबाचा विलाप आणि त्याच्या मित्रांचा हिशेब, दोन्ही मराठीत आणणारा तो हात स्वतः दुष्काळातून आलेला होता. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. भाषांतराचं काम संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या.

पुढच्या आठवड्यात हॅम्बुर्ग, जुलै १९४३ : बाँबवर्षावात शेजारी उभा असलेला मित्र मारला गेला तेव्हा सतरा वर्षांच्या युर्गेन मोल्टमनने देव हे का करतो असं विचारलं नाही, देव आहे कुठे असं विचारलं. त्या बदललेल्या प्रश्नाबद्दल लिहीन. तोवर लूकच्या तेराव्या अध्यायातली पहिली पाच वचनं आणि योहानाचा नववा अध्याय वाचून ठेवा.