पहिले छिद्र

“दुर्बिणीतूनच आहे ना डॉक्टर, मग धोका कसला?” नातेवाईक असे म्हणाले की मी त्यांना दोन मिनिटे बसवून घेतो. या शस्त्रक्रियेत गंभीर इजा क्वचितच होतात, हे खरे. पण झालेल्या इजांपैकी जवळजवळ निम्म्या पोटात शिरतानाच, म्हणजे मूळ काम सुरू होण्याआधीच होतात.

कारण दुर्बीण आत जाईपर्यंत सर्जनला काहीच दिसत नसते. नेहमीच्या पद्धतीत बेंबीपाशी व्हेरेस सुई घालून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. हंगेरीच्या यानोश व्हेरेस यांनी १९३०च्या दशकात ही सुई क्षयरोग्यांच्या छातीत हवा भरण्यासाठी बनवली होती. तिच्या धारदार टोकाच्या आत स्प्रिंगवर बसवलेली बोथट नळी असते. सुई पोकळीत पोहोचताच ती पुढे सरकते. पण बेंबीच्या मागे, मणक्यावर, महारोहिणी दुभंगते. सडपातळ व्यक्तीत हे अंतर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर असू शकते.

शिकागोच्या हॅरिथ हॅसन यांनी १९७१ मध्ये वेगळी वाट दाखवली: लहान छेद घ्यायचा आणि एकेक थर डोळ्यांनी पाहत उघडायचा. मग सगळे तीच वाट का धरत नाहीत? तिथे मोठी रक्तवाहिनी सहसा वाचते, पण भिंतीला चिकटलेले आतडे तिथेही कापले जाऊ शकते. शिवाय या इजा इतक्या विरळ, की तुलनेला प्रचंड संख्येने रुग्ण लागतात. कॉक्रेनच्या आढाव्यातही गंभीर इजांबाबत कोणतीही एक पद्धत निर्विवाद सरस ठरलेली नाही.

उमेदवारीच्या काळात एका बाईंच्या पोटावर जुन्या ऑपरेशनचा उभा व्रण होता. मी सवयीने बेंबीपाशी सुई टेकवली. सरांनी माझा हात धरला. “आधी व्रण बघ.” आम्ही नळीने जठर रिकामे केले आणि डाव्या बरगडीखाली तीन सेंटिमीटरवर, पामर बिंदूतून, आत शिरलो. पडद्यावर दिसले: बेंबीमागे आतडे घट्ट चिकटलेले होते. माझी सुई थेट त्यात गेली असती.

तेव्हापासून मी टेबल सपाट आहे ना, हे पाहतो. सुईवरचा सुरुवातीचा दाब आठ मिलिमीटर पाऱ्याच्या आत आहे ना, हे तपासतो. आणि दुर्बीण आत जाताच आधी चहूबाजूंनी फिरवून बघतो. तुमच्याकडून मला एकच हवे: आधीचे सिझेरियन, अपेंडिक्स, हर्निया, काहीही झाले असेल, तर विचारण्याआधी सांगा.