न दुखणारे दुखणे

पैनगंगेच्या दक्षिणेस आदिलाबाद जिल्ह्यात भीमपूरचा परिसर आहे. नदीपलीकडे यवतमाळ, अलीकडे राज्य तेलंगणाचे, परंतु अनेक घरांची बोली मराठीच. कापसाच्या वावरात अनवाणी राबणे आणि हिवाळ्याच्या कडक थंडीत शेकोटीपाशी पाय पसरून बसणे, या कित्येकांच्या जुन्या सवयी. निरोगी माणसाला त्यांत फारसे भय नाही. मधुमेही माणसाला मात्र त्याच सवयी पाय गमावण्यास कारण होऊ शकतात.

असे का व्हावे? रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, म्हणजे रक्तवाहिन्यांना व मज्जातंतूंना इजा पोचते. पायांची संवेदना हळूहळू बोथट होते. पऱ्हाटीचे धसकट रुतले तरी कळत नाही. निखाऱ्याची धग लागली तरी पाय मागे घेतला जात नाही. त्यातच रक्तपुरवठा अपुरा असला, तर जखम चिघळते. डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंडे यांचीही हानी अशीच मुकाट्याने होत असते.

म्हणूनच रोग्याच्या समजुतीला येथे फार महत्त्व आहे. ‘दुखत नाही, म्हणजे रोग नाही’ हा न्याय मधुमेहाला लागू पडत नाही. साखर उतरली की रोग बरा झाला असे मानून कोणी गोळ्या बंद करतो. वास्तविक ती पुष्कळदा गोळ्यांमुळेच उतरलेली असते. कोणी चहातील साखर सोडतो, पण ताटातील भात कमी करीत नाही. पचनानंतर भाताचीही साखरच होते. तपासणीच्या तोंडावर चार दिवस पथ्य पाळणारा स्वतःलाच फसवितो. कारण एचबीएवनसी ही चाचणी मागील दोन-तीन महिन्यांचा सरासरी हिशेब मांडते. इन्शुलिन म्हणजे अखेरची घटका, हाही गैरसमजच. 1922 साली टोरांटो येथे ते प्रथम रोग्याला देण्यात आले. तेव्हापासून त्याने असंख्यांचे प्राण वाचविले आहेत.

ब्रिटनमधील सुमारे वीस वर्षांच्या अभ्यासाचे निष्कर्ष 1998 साली प्रसिद्ध झाले. साखर अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवलेल्या गटात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे एकचतुर्थांशाने कमी आढळले. अर्थात पुढील उपद्रव हे विधिलिखित नव्हेत.

तथापि नुसते ऐकून समजणे पुरेसे नाही. औषध घरात हवे, चप्पल पायात हवी, आणि स्वयंपाक करणाऱ्या गृहिणीलाही पथ्य ठाऊक हवे. वर्षातून एकदा डोळ्यांची व लघवीची तपासणी करून घ्यावी. रोज रात्री दिव्याच्या उजेडात तळपाय नीट पाहावेत. नजर पोचत नसेल, तर नातवंडाला पाहावयास सांगावे. एखादी लहानशी जखम दिसली, तर ती दुखण्याची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठावा.