आठवणी बदलतात, तरी आधार देतात

गेलेल्या माणसाच्या आठवणीने धीर येतो आणि लगेच शंकाही येते: हे खरंच असं घडलं होतं, की मीच रंगवलं? ही शंका अनेकांना अपराधी वाटायला लावते. म्हणून काही समज तपासून घेऊ.

गैरसमज १ : आठवण मनात जशीच्या तशी साठवलेली असते.
वस्तुस्थिती : आठवताना मन प्रसंग दरवेळी नव्याने जुळवतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या ग्रंथात हे दाखवलं. इंग्लंडमधल्या वाचकांनी उत्तर अमेरिकी आदिवासींची लोककथा पुन्हा सांगितली, तेव्हा अनोळखी तपशील गळाले आणि सीलची शिकार मासेमारी झाली.

गैरसमज २ : लख्ख आठवतं, म्हणजे चूक असूच शकत नाही.
वस्तुस्थिती : ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात ५४ विद्यार्थ्यांच्या आठवणी नोंदवल्या गेल्या. हल्ल्याची बातमी आणि त्याच सुमारास घडलेला एक साधा प्रसंग, दोन्हींच्या. काही आठवड्यांनी पुन्हा विचारलं, तर दोन्हींतले तपशील सारखेच ढळले होते. हल्ल्याच्या आठवणीवरचा विश्वास मात्र तसाच राहिला.

गैरसमज ३ : सुख विसरलं जातं, दुःख तेवढं टिकतं.
वस्तुस्थिती : प्रसंग लक्षात राहतो, पण कटू प्रसंगाची बोच सहसा सुखद प्रसंगाच्या आनंदापेक्षा लवकर ओसरते. नैराश्यात हा फरक कमी होतो. मोठ्या आघातानंतर तर आठवण तितक्याच तीव्रतेने उसळू शकते. अशा वेळी ‘विसरून जा’ म्हणू नये, तज्ज्ञांची मदत घ्यावी.

गैरसमज ४ : जुन्या दिवसांत रमणं हा मनाचा दुबळेपणा.
वस्तुस्थिती : १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घरच्या आठवणीने झुरण्याला आजारच ठरवलं होतं. पुढे १९६३ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी म्हातारपणी आयुष्याची उजळणी करणं स्वाभाविक असल्याचं मांडलं. ब्रिटनमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांना आढळलं, की जिव्हाळ्याच्या आठवणींनी एकटेपणात माणसांशी जोडलेपण वाढतं.

जमिनीचा वाद असेल किंवा साक्ष द्यायची असेल, तर कागद आणि पुरावाच पाहावा. पण आजी-आजोबा जुनं काही सांगत असतील, तर साल चुकलं म्हणून त्यांना मध्येच अडवू नका. मिळालेल्या मायेची खूण पटायला तारीख बिनचूक असावी लागत नाही.